सपोर्ट गाडीचा दिवस : कोल्हापूर ते आजरा

निधीसाठी सायकलवर निघालेल्या गटाचा दिवस कसा गेला, हे संध्याकाळी गाडी चालवणाऱ्याला विचारावं. सायकलवाल्यांना आपापला चढ, आपापली तहान आणि आपापलं पंक्चर एवढंच आठवत असतं. कोण कुठे मागे पडला, दुपारनंतर कुणाचं बोलणं बंद झालं, कुठल्या वळणावर ट्रक अंगावर आला, चहाच्या टपरीवर कुणी न मागता शंभराची नोट काढून दिली, हे सगळं ड्रायव्हरने पाहिलेलं असतं. तरीही बहुतेक गट आधी मार्ग आखतात, टी-शर्ट छापतात, फ्लेक्स करतात आणि निघायला दोन दिवस उरले की ‘कुणाची तरी गाडी बघा रे’ म्हणतात. माझा आग्रह उलटा आहे. आधी ड्रायव्हर ठरवा, त्याच्यासोबत बसून मार्ग आखा, आणि कुणालाही सायकलवरून उतरवून गाडीत बसवण्याचा अधिकार पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यांसमोर द्या.

उदाहरणासाठी कोल्हापूर ते आजरा हा एक दिवस घेऊ. पुणे-कोल्हापूरकडून गोव्याला सायकलने जाणारे बरेच जण आंबोली घाटाने उतरतात आणि घाटाआधी मुक्कामाला सोयीचं मोठं गाव म्हणजे आजरा. ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंतांचं हे जन्मगाव, हिरण्यकेशीच्या काठचं, घनसाळ भाताचं आणि काजूचं. कागल, निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज अशी वाट धरली तर कोल्हापूरपासून साधारण शंभर किलोमीटर होतात. निपाणीहून उत्तूरमार्गेही येता येतं, पण पहिल्यांदाच निघालेल्या गटाला मी संकेश्वरचा रस्ता सुचवेन. त्या वाटेवर गाडी बाजूला घ्यायला जागा मिळते, आणि दुकानं, दवाखाने, पाणी यांची अडचण येत नाही. ताशी अठरा-वीसच्या वेगाने पायडल मारायचे पाच-साडेपाच तास, आणि थांबे धरून आठ-नऊ तास. म्हणजे उजाडताना निघालेला गट दुपारी साडेतीन-चारपर्यंत आजऱ्यात. डिसेंबरात कोल्हापुरात सूर्य सातच्या सुमाराला उगवतो आणि सहाला मावळतो, त्यामुळे हाताशी दोन तासांची शिल्लक राहते. ती शिल्लक राखणं हेच ड्रायव्हरचं दिवसभराचं काम.

तारीख ठरवताना दोन गोष्टी पाहाव्यात. १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातली मराठी माणसं तो काळा दिवस म्हणून पाळतात. त्या दिवशी निपाणीच्या बाजूला वाहतुकीचा भरवसा धरू नये. त्याच सुमाराला ऊसदराची आंदोलनं पेटतात आणि महामार्गावर चक्का जाम होऊ शकतो. म्हणून नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात या भागात येण्याचा मोह होतो, कारण तेव्हा तो सर्वांत देखणा असतो. पण आंबोली हे महाराष्ट्रातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे, तिथे वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्या धुक्यात सायकलवाला गाडीला दिसत नाही.

आता ड्रायव्हर. गटातल्याच कुणीतरी ‘मी चालवतो’ म्हटलं तर त्याला हे काम नीट समजावून सांगा, कारण लांब पल्ल्याची गाडी चालवण्याची सवय इथे फारशी कामाला येत नाही. दहा किलोमीटर जायचं, थांबायचं, अर्धा-पाऊण तास वाट पाहायची, पुन्हा दहा किलोमीटर. या कंटाळ्यात माणूस पेंगतो, नाहीतर मोबाइलमध्ये बुडतो. आपल्याकडे वडापची जीप चालवलेली माणसं या कामाला उत्तम. त्यांना रस्त्याकडेला उभं राहून माणसं मोजायची सवय असते, कुठे थांबलं तर मागून ठोकर बसणार नाही याचा अंदाज असतो आणि गावोगावचे मेकॅनिक ओळखीचे असतात. गाडी भाड्याची असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्या. घरच्या वापराची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने लावली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. हा रस्ता कागलच्या पुढे कर्नाटकात शिरतो आणि गडहिंग्लजला परत महाराष्ट्रात येतो. पुढे गोवाही आहेच. पिवळ्या पाटीच्या गाडीला त्या राज्यांत चालणारा परवाना आहे का आणि कर भरलाय का, हे निघण्याआधी मालकाला विचारून कागद गाडीत ठेवून घ्या.

एका गोष्टीबद्दल मला मनापासून राग आहे, म्हणून ती स्पष्ट सांगतो. सहलीला गेलेले लोक हॉटेलात झोपतात आणि ड्रायव्हर गाडीत, हा आपल्याकडचा सर्रास रिवाज आहे. समाजकार्यासाठी निघालेल्या गटाने तरी तो पाळू नये. दुसऱ्या दिवशी तुमचा जीव ज्याच्या डोळ्यांवर अवलंबून आहे, त्याला पाठ टेकायला गादी, पंखा, मच्छरदाणी आणि सात तासांची झोप मिळालीच पाहिजे. खोली कमी पडत असेल तर सायकलवाल्यांनी दाटीवाटीने झोपावं. रोजचा भत्ता रोज द्यावा, जेवण आपल्याच पंगतीत, आणि मोहिमेच्या पत्रकावर इतरांसोबत त्याचंही नाव. त्याला कोणत्या संस्थेसाठी पैसे जमतायत, ते कुणाच्या उपयोगी पडणार आहेत हे नीट माहीत हवं. का, ते पुढे येईलच.

सायकल आणि गाडी यांची ही जोडी आपल्याकडे नवी नाही. १९८५-८६ मध्ये बाबा आमटे यांनी कन्याकुमारी ते काश्मीर ‘भारत जोडो’ यात्रा काढली, तेव्हा शंभरावर तरुण-तरुणी सायकलवर होते आणि बाबा गाडीत. पाठीच्या कण्याच्या आजारामुळे त्यांना बसता येत नसे, म्हणून ते आडवे राहून प्रवास करत. त्या मोहिमेत गाडी म्हणजे सामानाची सोय नव्हती. मोहिमेचं कारणच त्या गाडीत होतं. अलीकडचं उदाहरण नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांचं. २०१५ साली त्यांनी दोघांच्या संघातून ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही साधारण ४,८०० किलोमीटरची शर्यत पुरी केली आणि ती आदिवासींच्या नेत्रसेवेशी जोडली. त्या शर्यतीत दोन भाऊ आळीपाळीने सायकल चालवत राहिले, ते मागे राबणाऱ्या माणसांच्या जोरावर. २०१७ मध्ये नाशिकचे लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी हीच शर्यत एकट्याने पुरी केली. म्हणजे सायकलवर एकेकटेच, पण मागे गाड्या आणि माणसं होतीच.

या शर्यतींची चित्रफीत पाहून मात्र आपले गट एक चुकीची गोष्ट उचलतात. तिथे सायकलच्या मागे दिवे लुकलुकवत हळूहळू येणारी गाडी दिसते. रात्री तसं चालणं त्या शर्यतीत सक्तीचं असतं. त्यासाठी रस्ते ठरलेले असतात, गाड्यांवर ठरावीक दिवे आणि फलक लागतात. आपल्या पुणे-बंगळूर महामार्गावर ताशी वीसने चालणारी बोलेरो ही मागून ऐंशी-नव्वदने येणाऱ्या ट्रकसाठी अडथळा आहे. ट्रकवाला शेवटच्या क्षणी गाडी कापतो आणि नेमका पुढच्या सायकलवर जातो. म्हणजे ज्याला वाचवायला गाडी मागे ठेवली त्यालाच धोका. म्हणून पक्का नियम असा: गाडी पुढे जाऊन थांबेल, सगळे पार होईपर्यंत थांबेल, मग पुन्हा पुढे जाईल. चालत्या गाडीतून बाटली देणं, चढावर गाडीला हात लावून ओढून घेणं, खिडकीतून हात काढून चित्रीकरण करणं, हे तिन्ही पहिल्याच दिवशी बंद करून टाका.

किती पुढे जायचं, हे रस्ता आणि गट पाहून ठरतं. सकाळच्या सपाट टप्प्यात पंधरा किलोमीटर चालेल, ऊन चढल्यावर दहा, चढ असेल तर पाच. ब्रेव्हे राइड्समध्ये, म्हणजे जिथे २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करायचे असतात, गाडीची मदत फक्त ठरलेल्या कंट्रोलवरच, म्हणजे तपासणीच्या थांब्यावरच, घेता येते. त्यातून शिकण्यासारखं हे की थांबे आदल्या रात्री ठरवावेत आणि ते सगळ्यांना पाठ असावेत. ‘पुढे कुठेतरी भेटू’ या बोलण्यावर गट फुटतो. एक जण हॉटेलात शिरतो, दुसरा त्याच हॉटेलासमोरून पुढे निघून जातो, आणि ड्रायव्हर दोघांना शोधत मागे-पुढे करत राहतो. आजऱ्याच्या दिवसाला माझे मुख्य थांबे असे असतील: कागल ओलांडल्यावर पहिला, तो फक्त पाण्याचा. निपाणीत नाश्ता. तवंदीची चढण संपल्यावर छोटा थांबा. संकेश्वरला महामार्ग सोडल्यावर मोठा थांबा, कारण तिथवर वाहनांच्या आवाजाने डोकं भणाणलेलं असतं. गडहिंग्लजला जेवण. त्यापुढे आजऱ्यापर्यंत वीस-बावीस किलोमीटर उरतात, त्यात मध्ये एकदा.

थांबण्याची नेमकी जागा ही खरी कला. गाडी डाव्या बाजूला, डांबराच्या पूर्ण बाहेर, वळणापासून आणि पुलापासून लांब. चौक असेल तर चौक ओलांडून पलीकडे. अलीकडे थांबलात तर सायकलवाले थांबतात, खातात आणि थंड पायांनी चौकाच्या गर्दीत शिरतात. चढ असेल तर चढाच्या माथ्यावर, म्हणजे चढताना मनाला एक टोक दिसत राहतं आणि उतारावर वारा लागण्याआधी घाम पुसून जाकीट घालता येतं. सावली हवीच, पण नारळाखाली किंवा वाळक्या फांदीखाली नको. गाडीचा दरवाजा रस्त्याच्या बाजूला उघडायचा नाही, सामान मागून किंवा डावीकडून काढायचं. दिवे लावून उभं राहायचं असेल तर मध्ये मध्ये इंजिन चालू करावं, नाहीतर दुपारी बॅटरी बसते. आणि थांबल्याबरोबर एक फळी किंवा भडक कपडा गाडीमागे वीस-पंचवीस पावलांवर उभा करा. लांबून दिसलेला थांबा सायकलवाल्याला अर्धी विश्रांती देतो.

गाडी भरण्याचं शास्त्र साधं आहे: जे वारंवार लागतं ते हाताशी, जे संध्याकाळी लागणार ते तळाशी. पंप, ट्यूबा, पाण्याचा जार, केळी आणि प्रथमोपचाराची पेटी मागच्या दरवाजाजवळ. प्रत्येक सायकलच्या ट्यूबचा आकार आणि व्हॉल्व्ह आदल्या दिवशी कागदावर लिहून घ्या. रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हची ट्यूब तालुक्याच्या दुकानात सहसा मिळत नाही, तिथे मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह किंवा जुन्या सायकलचा व्हॉल्व्ह असतो. म्हणून प्रत्येक आकाराच्या दोन ट्यूबा सोबत हव्यात. एलन की, चेन तोडायचं अवजार आणि जोडकडी, गिअरचा हँगर (तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, दुसऱ्याचा चालत नाही), ब्रेकच्या शू किंवा पॅड, थोडे स्पोक, चेनचं तेल, जुन्या चिंध्या. टायर चिरला तर आतून गेटर मारायला जुन्या टायरचा तुकडा ठेवा; हा फुकटचा तुकडा एखादा दिवस वाचवतो. मात्र चाकाचा आउट काढायचं काम गावातल्या जुन्या सायकल दुकानदाराला द्यावं. त्याचं बोट रिमला लावून चाक फिरवणं आणि कुठला स्पोक ढिला आहे ते कानाने ओळखणं पाहण्यासारखं असतं, आणि ते मोबाइलवरच्या ॲपपेक्षा भरवशाचं आहे.

खाण्यापिण्यात नवे प्रयोग नकोत. तासाला साधारण ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यातून पंचवीसच्या आसपास मिळतात, बाकीचं गूळ-शेंगदाणे, खजूर, राजगिऱ्याचा लाडू, चिक्की यांतून. सकाळी पोहे किंवा उप्पीट, दुपारी भात-आमटी किंवा भाकरी-भाजी, तीही अर्ध्या पोटी. कोल्हापूरच्या पाहुण्यांना तांबडा-पांढरा रस्सा दुपारीच हवा असतो; तो रात्रीवर ढकला. नुसतं पाणी पीत राहणंही बरं नव्हे, घामातून मीठ जातं आणि वर फक्त पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम खाली येऊन माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. दुकानातलं ओआरएस नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि प्रमाण तंतोतंत.

ड्रायव्हरला एक सवय आवर्जून लावा. प्रत्येक थांब्यावर सायकलवाला उतरला की त्याच्या सायकलची बाटली काढून हातात घ्यायची. जड लागली, म्हणजे तो प्यायलेला नाही. ‘पितोय, पितोय’ असं सगळेच म्हणतात, बाटली खोटं बोलत नाही. मग त्याच्या जर्सीकडे पाहायचं. पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेत, प्रश्नाला हूं-हूं एवढंच उत्तर येतंय, केळं सोलायला बोटं वळत नाहीत, हेल्मेट न काढताच तो बसून राहिलाय, यातल्या दोन गोष्टी दिसल्या की त्याला सावलीत आडवं करून अर्धा तास सायकलला हात लावू द्यायचा नाही. घाम थांबून अंग तापलं किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर तो दवाखान्याचा प्रश्न आहे, थांब्याचा नव्हे. गुडघा दुखतो म्हणून भर उन्हात, पाणी कमी पडलेल्या शरीरावर वेदनाशामक गोळ्या घेण्याची खोड बऱ्याच जणांना असते. त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. त्या गोळ्या ड्रायव्हरकडे ठेवा आणि डॉक्टरांना फोन केल्याशिवाय देऊ नका.

कागलच्या पुढे कोगनोळीपासून कर्नाटक सुरू होतं. १०८ आणि ११२ हे दोन्ही क्रमांक दोन्ही राज्यांत चालतात, पण फोन त्या त्या राज्याच्या केंद्रात जातो, त्यामुळे निपाणी-संकेश्वरच्या टप्प्यात समोरून कन्नड ऐकू येईल. निपाणीत मराठी सगळ्यांना येतं, तेव्हा जवळच्या दुकानदाराच्या हातात फोन द्यायचा, हा सर्वांत जलद मार्ग. गडहिंग्लजला उपजिल्हा रुग्णालय आहे, आजऱ्याला ग्रामीण रुग्णालय. दोन्हीकडे जायचा रस्ता ड्रायव्हरने आदल्या दिवशी नकाशावर पाहून ठेवावा. महामार्गावर एकामागे एक चालायचं, जोडीने गप्पा मारत नाही. सर्व्हिस रस्ता सुरक्षित वाटतो, पण त्यावर उलट दिशेने येणाऱ्या दुचाक्या आणि मोकाट कुत्री जास्त.

संकेश्वरला महामार्ग सुटला की रस्ता शांत होतो, असं वाटतं. हंगामात ते खरं नसतं. संकेश्वरला हिरण्यकेशी कारखाना, गडहिंग्लज तालुक्यात हरळीला एक, आजऱ्याच्या पुढे गवसेला एक. म्हणजे सबंध वाट उसाच्या ट्रॉल्यांची आहे. ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात. ट्रॅक्टर तुम्हाला ओलांडून जातो, पहिली ट्रॉली जाते, आणि तुम्ही निश्चिंत होऊन हँडल उजवीकडे घेता, तेवढ्यात दुसरी ट्रॉली झोल खात आत येते. उसाची टोकं बाहेर आलेली असतात, ती खांद्याच्या उंचीवर. म्हणून ट्रॅक्टरचा आवाज मागून आला की डांबर सोडून बाजूपट्टीवर उतरायचं, दुसरी ट्रॉली गेली की मनात दोन मोजायचे आणि मग वर यायचं. सांडलेल्या उसावरून चाक घसरतं, ते अंधारात दिसतही नाही. बऱ्याच ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो. यासाठीच मी एक वेळ बांधून देतो: दुपारी साडेतीनपर्यंत जो गडहिंग्लज सोडू शकला नाही, तो गाडीत. तो गटाचा प्रमुख असो की सर्वांत जास्त देणगी आणणारा. ड्रायव्हरने सांगितलं की सायकल कॅरिअरला, आणि त्यावर गटातल्या कुणी वाद घालायचा नाही. शंभर टक्के अंतर सायकलवर पुरं केलं की नाही, याने देणाऱ्याला काही फरक पडत नाही. त्याने पैसे संस्थेला दिलेले असतात.

आता निधी. सायकलवाले थांब्यावर दहा मिनिटं असतात आणि त्यात त्यांना खायचं, प्यायचं, लघवीला जायचं असतं. गाडी मात्र तिथे पाऊण तास उभी असते. गाडीवरचा फलक वाचून लोक ड्रायव्हरजवळच येतात. ‘कशासाठी चाललाय पावणं?’ हा प्रश्न त्यालाच विचारतात. म्हणून म्हटलं, संस्थेची माहिती त्याला नीट हवी: कुठली संस्था, काय काम, कुणाला भेटायचं. क्यूआर कोड संस्थेच्या नोंदणीकृत खात्याचाच असावा, कुणाच्या वैयक्तिक मोबाइलचा नव्हे. पैसे दिल्यावर स्क्रीनवर संस्थेचं नाव उमटतं आणि माणसाला खात्री पटते. रोख देणाऱ्याला तिथल्या तिथे पावती. दोन हजारांच्या वरची रोख देणगी ८०-जी खाली आयकर सवलतीला धरत नाहीत, आणि नवी करप्रणाली निवडलेल्याला ही सवलत मिळतच नाही, हे विचारणाऱ्याला खरं सांगावं. सवलतीच्या आमिषाने पैसे घेतले आणि ती मिळाली नाही, तर पुढच्या गटाला त्या गावात कुणी उभं करणार नाही.

डिझेल, जेवण, मुक्काम, ड्रायव्हरचा भत्ता हा खर्च गटाने स्वतःच्या खिशातून किंवा तेवढ्यासाठीच मिळालेल्या प्रायोजकाकडून करायचा. टपरीवर मिळालेल्या वीस रुपयांतून डिझेल भरलं जाता कामा नये. दोन डबे ठेवा, दोन वह्या ठेवा, आणि रोज रात्री त्या दोन्ही मोठ्याने वाचा. हे कंटाळवाणं वाटेल, पण या पैशांचा मालक तिथे हजर नसतो, म्हणून तो हजर असल्यासारखंच वागावं लागतं.

आजऱ्यात पोचल्यावर पहिला तास कुणालाही भेटायचं नाही. आंघोळ, पाय वर करून पडणं, खाणं. शाळेत किंवा नगरपंचायतीच्या दालनात कार्यक्रम ठेवला असेल तर तो साडेसहाला, आणि अर्ध्या तासात उरकणारा. सत्कार, शाल, श्रीफळ यांना नम्रपणे नकार द्यावा आणि तेवढेच पैसे संस्थेला द्या म्हणावं; आपल्याकडची माणसं हे आनंदाने मान्य करतात. दिवस हाताशी असेल तर हिरण्यकेशीवरच्या रामतीर्थाला गाडीतून जाऊन यावं, सायकलने नको, पायांना सुट्टी हवी. रात्री तांबडा-पांढरा रस्सा आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या घनसाळचा वाफाळता भात. त्याच्या वासाने दमलेल्या माणसालाही भूक लागते. ड्रायव्हर त्या पंगतीत पहिल्यांदा वाढून घेईल आणि सर्वांत आधी झोपायला जाईल. सायकली धुणं, चेनला तेल, हवा पाहणं, गाडीतलं सामान लावणं, हे बाकीच्यांनी करायचं.

दुसऱ्या दिवशी आंबोली साधारण तीस-पस्तीस किलोमीटरवर. गवसे, घाटकरवाडी असा जंगलातून जाणारा रस्ता, मोबाइलला मधूनच रेंज नाही. या तालुक्यात गवे आहेत आणि अनेक वर्षांपासून हत्तींचाही वावर आहे, त्यामुळे इथे अंधारात निघायचं नाही. चांगलं उजाडू द्या, आजऱ्यातच स्थानिक माणसाला ‘हत्ती कुठल्या बाजूला आहे?’ असं विचारा, आणि सगळ्यांनी एका टप्प्यात, आवाजाच्या अंतरावर राहा. रस्त्यात गवा उभा दिसला तर थांबा, घंटी वाजवू नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका, तो गेल्यावर निघा. या टप्प्यात गाडीने पाच किलोमीटरपेक्षा पुढे जाऊ नये.

घाट उतरताना मात्र नियम बदलतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास आहे आणि दाणोलीपर्यंत वळणं संपत नाहीत. गाडी एकच असेल तर ती सर्वांत शेवटी राहील. पुढे गेलेल्या गाडीला मागे कोण पडला ते कळत नाही, आणि घाटात परत वर वळायलाही जागा नसते. शेवटच्या सायकलमागे चांगलं अंतर ठेवा, नाहीतर तो घाबरून वेग वाढवतो. रिम ब्रेकच्या सायकलींनी ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दाबायचा, सोडायचा, दोन्ही आलटून पालटून, आणि अधूनमधून थांबून रिमला हात जवळ नेऊन पाहायचा. तापली असेल तर पाच मिनिटं. शनिवार-रविवारी धबधब्याजवळ गाड्यांची आणि माकडांची गर्दी असते, तिथे सायकलवरून उतरून चालत पार व्हावं. दाणोलीला सगळे जमले की डोकी मोजा, ब्रेकच्या शू किती झिजल्या ते पाहा, टायरमध्ये अडकलेली खडी काढा, जाकिटं गाडीत टाका आणि बाटल्या भरून घ्या. सावंतवाडीच्या बाजूला ऊन आणि दमटपणा एकदम वाढतो, तेव्हा पुढचा थांबा पंधरावर न ठेवता आठ किलोमीटरवर घ्या.